सेव्ह न केलेल्या चार ओळी

आधीच सांगून टाकतो, मी लॉग वाचून पोट भरणारा माणूस आहे. काही बिघडलं की कुठल्या मिनिटाला, कुठल्या पोर्टवर, कुणाच्या लॉगिननं, एवढंच मला कळतं. येळ्ळूरला आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं की मी चप्पल घालून चहाला बाहेर पडायचो. या ग्रुपवरचे तसले अनुभवही मी दुपारच्या सुट्टीत हसायला म्हणून वाचायचो... आता तुम्ही माझ्यावर हसा, चालेल. पण पूर्ण वाचून हसा.

बेळगावात, पिरनवाडीच्या बाजूला एका खाजगी हॉस्पिटलात मी नेटवर्क बघतो. नाव विचारू नका. तळमजल्यावर, एक्स-रेच्या मागं आमची सर्व्हर रूम. खिडकी नाही, एकच दार. किल्ल्या दोन — एक माझ्या खिशात, एक मॅनेजर मॅडमच्या ड्रॉवरमध्ये. आत दोन महत्त्वाचे डबे. एक मुख्य स्विच, म्हणजे सगळ्या मजल्यांच्या केबल्स जिथं येऊन मिळतात तो. आणि दुसरा वायरलेस कंट्रोलर, म्हणजे सगळ्या वायफायचा मुकादम. तो झोपला की चारी मजल्यांचं वायफाय झोपलं.

दसऱ्याच्या आधी आठ-दहा दिवस डबे बनवणाऱ्या कंपनीचं ईमेल आलं. एका विशिष्ट तऱ्हेनं बिघडलेलं पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, नेटवर्कवर आलं की कंट्रोलर गोंधळतो आणि आपणहून बंद होऊन परत चालू होतो. पासवर्ड लागत नाही, काही नाही. चोरी होत नाही, डेटा जात नाही, फक्त सेवा थांबते. सात-आठ मिनिटं.

फक्त! दुसऱ्या कुठल्या ऑफिसात सात-आठ मिनिटं वायफाय गेलं तर लोक खूश होऊन चहाला जातात. आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर हृदयाचे पेशंट असतात. आयसीयूतून बाहेर काढलेल्या पेशंटच्या गळ्यात एक छोटा डबा अडकवलेला असतो. त्यांचे ठोके त्या डब्यातून वायफायवरून सिस्टरांच्या टेबलावरच्या स्क्रीनवर जातात. काही बिघडलं तर अलार्म तिथं वाजतो, पेशंटजवळ नाही.

आणि त्या आठवड्यात आमचा कंट्रोलर दोनदा असाच बसला होता. दोन्ही वेळा भर दुपारी. ते बिघडलेलं पॅकेट कुठून येतंय ते मला सापडत नव्हतं. कुणाचा मोबाईल, लॅबमधलं एखादं जुनं मशीन, की कुणी मुद्दाम... माझी झोप उडाली होती. पक्का इलाज म्हणजे नवीन फर्मवेअर, डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर, टाकायचं. त्याला तासभर सगळं बंद ठेवावं लागतं. मॅडम म्हणाल्या, "सागर, दसरा होऊ दे. आत्ता अर्धा स्टाफ सुट्टीवर आहे." मीही फार ताणलं नाही. हे कबूल करतो. दसरा होऊ दे, असं मीही म्हणालो.

आणि खंडेनवमीच्या तीन दिवस आधी आप्पांना हार्ट अटॅक आला. माझे वडील. येळ्ळूरहून गाडीत घालून आणलं ते आमच्याच हॉस्पिटलात. अँजिओप्लास्टी झाली, दोन दिवस आयसीयूत काढले आणि खंडेनवमीच्या सकाळी त्यांना दुसऱ्या मजल्यावर हलवलं. कोपऱ्यातली खाट, पडद्यामागं. गळ्यात तो डबा.

आठवडाभर जो धोका मी ईमेलमध्ये 'पेशंट' या शब्दाखाली ढकलत होतो, तो आता माझ्या बापाच्या गळ्यात लटकत होता. मी तडक खाली आलो. फर्मवेअर नाही तर नाही, तात्पुरता उपाय तरी करायचा. स्विचवर एक फिल्टर टाकायचा, म्हणजे तसलं पॅकेट कंट्रोलरपर्यंत पोचणारच नाही. चार ओळींचं काम. टाकल्या. फिल्टर चालू झाला.

आता इथं एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. स्विचवर टाईप केलेलं लगेच लागू होतं, पण वेगळी कमांड देऊन सेव्ह केलं नाही तर वीज गेली की स्विच ते विसरतो. आणि मी लगेच सेव्ह करत नाही. ही माझी जुनी सवय. दहा मिनिटं बघायचं, काही बिघडलंच तर डबा बंद-चालू केला की जुनं सगळं जिथल्या तिथं. दहा वर्षांत या सवयीनं मला कितीदा तरी वाचवलंय.

ती दहा मिनिटं मोजत बसलो होतो आणि मॅडम दारात. "अरे, पूजेला सगळे खोळंबलेत! लॅपटॉप आण."

आमच्याकडे खंडेनवमी जोरात असते. लॉबीत मोठं टेबल मांडून स्टेथोस्कोप, अॅम्ब्युलन्सच्या किल्ल्या, वायरमनची पक्कड, स्वयंपाकघरातली विळी, सगळं पूजेला. चालू कामाची यंत्रं वॉर्डात असतात, त्यांना तिथंच फूल वाहतात. पण जे टेबलावर ठेवलं त्याला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. आयटीचा लॅपटॉप त्या टेबलावर ठेवायची टूम कुणाची? माझीच. तीन वर्षांपूर्वी फोटो काढायला म्हणून सुरू केलेली. लॅपटॉप उचलला, बरोबर निळी कन्सोल केबल — स्विचला थेट जोडायची ती — वेटोळं करून घेतली आणि गेलो. सर्व्हर रूमला कुलूप लावलं. पावणेबारा वाजले होते.

सेव्ह करायचं राहिलं.

आरती झाली, कोहळा फुटला. साडेबारा ते एक आप्पांना भेटायची वेळ. मी त्यांना पेज चारत बसलो. "मीठ घातलंय का न्हाय रं ह्यात?" म्हणून त्यांची कुरकुर चालली होती आणि मला बरं वाटत होतं. सिस्टरांच्या रजिस्टरवर माझी सही आहे, आत आलो ती वेळ आणि बाहेर पडलो ती वेळ. हे मुद्दाम लिहितोय.

एक वाजून गेल्यावर खाली आलो, चिरमुरे-फुटाण्याचा द्रोण हातात घेतला आणि लॉबीतला टीव्ही, काउंटरचे कॉम्प्युटर, सगळं एकदम गेलं. एक-दोन मिनिटांनी आलं. पॅनेल रूममधून आमचे वायरमन बसप्पामामा घाम पुसत बाहेर आले. यूपीएसला हार घालायच्या आधी पुसून घ्यावं म्हणून त्यांनी कुठला तरी खटका उलटा दाबला होता.

"आय्तु, आय्तु! झालं, आलं परत," मला बघून म्हणाले. "दोन मिनिटंच गेलतं रं. काय होत न्हाय."

आणि त्या क्षणी मला आठवलं. द्रोण कुठं ठेवला ते आठवत नाही. स्विच बंद होऊन चालू झाला होता, म्हणजे चार ओळी गेल्या. वर कोपऱ्यात आप्पा.

काउंटरच्या कॉम्प्युटरवरून स्विचमध्ये शिरता येत नाही. तसा नियम मीच लावलाय, फक्त माझा लॅपटॉप. मी टेबलाकडे धावलो. लॅपटॉपवर हळद-कुंकू, वर झेंडू, कीबोर्डवर अक्षता. मॅडमनी माझा हात धरला. "सागर, असं करू नये. उद्या सकाळी उचल." त्यांच्या मागं सगळा स्टाफ बघत होता. मी समजावायला लागलो, पण शब्द नीट येईनात. फिल्टर, पॅकेट, कंट्रोलर — कुणाला काय कळणार? शेवटी ओरडलो, "माझा बाप आहे वर!" आणि हार बाजूला सारून लॅपटॉप उचलला. केबल खाली पडली, ती उचलून धावलो.

सर्व्हर रूमचं कुलूप उघडलं. केबल जोडली, लॉगिन झालो.

फिल्टर तिथंच होता. चारी ओळी, जशा टाकल्या तशा.

पहिल्यांदा वाटलं, नशीब, मीच सेव्ह केलं असेन आणि विसरलो असेन. कुणालाही तेच वाटेल. म्हणून बघितलं. आमच्या स्विचवर शेवटचं सेव्ह कधी, कुणी आणि कुठून केलं ते लिहिलेलं राहतं. वेळ, बारा बावन्न. लॉगिन माझं. मार्ग कन्सोल, म्हणजे केबल थेट स्विचला खुपसून, त्या खोलीत उभं राहून.

बारा बावन्नला मी आप्पांच्या तोंडात चमचा धरून बसलो होतो. लॅपटॉप आणि केबल लॉबीत फुलांखाली, शंभर माणसांसमोर. किल्ली माझ्या खिशात. मी ती ओळ परत परत वाचली. खरं सांगतो, मागं वळून बघायचं धाडस झालं नाही.

तेवढ्यात स्क्रीनवर एक ओळ आली. एक सव्वीस, फिल्टरनं एक पॅकेट अडवलं. मग दुसरं, मग ओळींची रांगच लागली. तेच ते, बिघडलेलं. फिल्टर नसता तर त्या क्षणी कंट्रोलर बसला असता आणि एक तेहतीस-चौतीसपर्यंत उठला नसता.

एक एकतीसला आप्पांचे ठोके बिघडले.

मला ते नंतर कळलं. पूजेमुळं वॉर्डात सिस्टर एकट्याच होत्या, आठ खाटा सांभाळत. टेबलावरचा अलार्म वाजला तशा त्या धावल्या, पडदा ओढला. आप्पा शांत झोपल्यासारखे दिसत होते, म्हणाल्या. डॉक्टर आले, शॉक दिला. दुसऱ्या शॉकला ठोके परत लागले. मी वर पोचलो तेव्हा सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या. "अण्णा, स्क्रीन बंद असती तर मी तिकडं बघितलंसुद्धा नसतं," मला एवढंच म्हणाल्या.

आप्पा वाचले. पुढच्या आठवड्यात घरी आले.

मी मात्र तेव्हापासून धड नाही. कॉरिडॉरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पावणेबारापासून तीनदा बघितलं. त्या दाराकडं कुणी फिरकलं नाही. मॅडमच्या ड्रॉवरमधली किल्ली पाकिटात सीलबंद आहे, सील तसंच. पासवर्ड कुणाला कळला असेल म्हणावं, तर मी तो आदल्याच दिवशी बदलला होता. माझ्या लॅपटॉपमध्ये त्या वेळेचं काहीच नाही, तो बंद होता. स्विचचं घड्याळ चुकलंय का, तेही तपासलं. सेकंदाला सेकंद बरोबर. ती पॅकेटं पाठवणारं मशीन मात्र सापडलं, लॅबमधला एक जुना लेबल प्रिंटर. तो काढून टाकला, दसऱ्यानंतर फर्मवेअरही टाकलं. कंपनीच्या मते आता भोक बुजलंय.

ते एक बुजलं. दुसऱ्याचं काय? बंद खोलीत, माझ्या नावानं कुणीतरी शिरलं होतं. याला आमच्या धंद्यात अनधिकृत प्रवेश म्हणतात आणि तो शोधून बंद करण्यासाठीच मला ठेवलंय. ऑडिटचा फॉर्म आलाय, त्यात तसा रकानाच आहे — 'आढळला / आढळला नाही'.

इकडं आप्पा गावभर सांगत सुटले. देवळाच्या कट्ट्यावर, सोसायटीत, दूध घालायला येणाऱ्यालासुद्धा. "माझ्या पोरानं कॉम्प्युटरवर कायतरी करून ठेवलंतं, म्हनून मी हाय." लोक माझ्याकडं कौतुकानं बघायचे आणि मला मान वर करवायची नाही. शेवटी एका संध्याकाळी, त्यांना गोळ्या देताना, सगळं सांगून टाकलं. सेव्ह करायला विसरलो होतो, हेसुद्धा.

त्यांनी गोळी पाण्याबरोबर गिळली. मग म्हणाले, "मशीन काय म्हनालंय?"

"म्हनालंय, मीच केलंय."

"आनि तू?"

"मी तुमच्याजवळ बसलोतो, आप्पा."

"व्हय," ते म्हणाले. "बसलातास. पेजंत मीठ नव्हतं." पाण्याचा पेला खाली ठेवला. "मग आता काय करनार तू?"

"कुठनं आलं ते हुडकायचं. आनि बंद करायचं. नियम हाय तसा."

आप्पांनी माझं मनगट धरलं. दुखण्यातून उठलेल्या माणसाच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"नियम ऱ्हाऊ दे," म्हणाले. "मी हाय तवर तरी ते बंद करू नगंस."

तुमच्यापैकी कुणी या लाईनमधलं असेल आणि काही सुटलंय असं वाटत असेल तर जरूर सांगा... फक्त सावकाश सांगा, घाई नाही. फॉर्म परवा पाठवायचा होता. तो एक रकाना कोरा ठेवून मी पाठवून दिला.