सूज यावी म्हणून

जुन्या सिस्टर भेटल्या की वॉर्डातले किस्से निघतातच. आमच्या नगरच्या कॅन्सर वॉर्डातले मात्र चहाबरोबर गोड लागणारे नाहीत. तरी सांगते.

दुष्काळाच्या सुमाराची गोष्ट. मोठ्या डॉक्टरांनी एक टेस्ट सुरू केली. पेशंटच्या हातावर, कातडीतच बारीक इंजेक्शन द्यायचं आणि दोन दिवसांनी बघायचं. जागा लाल होऊन सुजली, तर अंगात झुंजायची ताकद आहे. कोरी राहिली, तर डॉक्टर ऑपरेशनचं नाव काढत नसत. टोचायचं काम माझं.

*

सुप्याच्या पार्वताबाई, पोटाचा कॅन्सर. हात अगदी साफ. बाईंनी वॉर्डभर पेढे वाटले.

"त्या शेजारणीचा हात बगा, कसा टम्म फुगलाय. मला डागसुदिक न्हाई."

मलाही पेढा दिला. खाल्ला.

*

घशाच्या कॅन्सरचे एक मास्तर होते. त्यांचा हात छान सुजला, तर त्यांच्या म्हाताऱ्या आईनं हळदीचा लेप लावून सूज उतरवली. डॉक्टर असे तापले की विचारू नका.

म्हातारी शांतपणे म्हणाली, "लेकराचा हात सुजल्याला बगत बसू व्हय?"

डॉक्टरांनी मास्तरांना पुन्हा टोचायला सांगितलं आणि केबिनमध्ये निघून गेले.

*

त्यानंतर सगळ्यांना आधीच सांगायचं ठरलं, सूज आली तर चांगलं. मग काय, जो तो देवाकडे सूज मागायला लागला.

*

अकोल्याकडचा भिवा, जबड्याचा कॅन्सर. एकदा हात कोरा गेला होता. डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा बघू, नाहीतर घरी पाठवा.

बघायच्या दिवशी त्याच्या हातावर तेलकट काळा डाग. मी ओळखलं, बिब्बा! त्याचं तेल लागलं की तो उततो, भल्याभल्यांची कातडी फोडांनी भरते. मला उशाशी बसलेल्या त्याच्या बायकोचा भयंकर राग आला.

"डॉक्टरांना फसवता, बाई?"

"व्हय," ती म्हणाली. "काल लावला. आज पुन्यांदा लावला."

तिची बोटं फोडांनी टरारली होती. मी डाग स्पिरिटनं पुसला. खालची कातडी जशीच्या तशी होती.

"सिस्टर," तिनं हळूच विचारलं, "ह्यांना बिब्बा बी का उतंना?"