इंजेक्टरमधला डाग

नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत गोळ्या तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते. गोळीत औषध नेमकं किती आहे, हे आमचं मशीन मोजतं. औषध असलं की पडद्यावरच्या सरळ रेषेवर एक उंचवटा येतो. त्याला आम्ही ‘पीक’ म्हणतो. माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी मुलगी हसत सांगायची, ‘‘माझ्या वडलांना, दादांना वाटतं मी शेतीखात्यात आहे. फोनवर विचारतात, यंदा पीक कसं हाय तुमच्याकडं?’’

ती भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाची. घरात एमएस्सी झालेली पहिलीच. नगरला खोली घेऊन राहायची आणि मला ताई म्हणायची. नोकरी कंत्राटी होती.

एका सकाळी तिने मशीनमध्ये नुसतं द्रावण सोडलं. त्यात औषध नव्हतंच, तरी रेषेवर बारीकसा उंचवटा आला. तिने द्रावण बदललं, बाटली बदलली. उंचवटा हटेना. तपासणीवाचून माल अडकून पडला होता. प्रयोगशाळेचे साहेब आले.

‘‘द्रावण कोणी केलं?’’

‘‘मी, सर.’’

‘‘हात धुता का नीट? की गावाकडच्यासारखं चालतं इथंही?’’

सगळे ऐकत होते. मी म्हटलं, ‘‘सर, इंजेक्टर उघडून बघू या का? आधीचं औषध आत अडकलं असेल.’’

‘‘मशीनला काही झालेलं नाही,’’ असं म्हणून ते निघून गेले.

तिने काचेची सगळी भांडी पुन्हा धुतली. कुणी सांगितलं नव्हतं. नंतर बेसिनपाशी उभी राहून कितीतरी वेळ हातच धूत राहिली. महिनाअखेरीला तिचं कंत्राट वाढवलं नाही. जाताना एप्रन घडी करून माझ्या टेबलावर ठेवला आणि ‘‘येते, ताई’’ एवढंच म्हणाली.

तिच्या जागी आलेल्या मुलानेही नुसतं द्रावण सोडलं आणि तोच उंचवटा आला. मग साहेबांनी इंजेक्टर उघडायला परवानगी दिली.

द्रावण जिथून मशीनच्या आत जातं, तो हा भाग. मी सुई काढली, नळ्या मिथेनॉलने धुतल्या. आत नाण्याएवढी एक चकती असते, ती फिरून द्रावणाला वाट देते. उजेडात धरली तर तिच्यावर केसासारखा ओरखडा दिसला आणि त्यात पिवळट काहीतरी साचलेलं. चकती धुतली तेव्हा उंचवटा कमी झाला, पण गेला नाही. नवी बसवली आणि रेष सरळ आली. मला आनंद व्हायला हवा होता. तो मुलगा टाळ्या वाजवत होता आणि मी जुनी चकती उचलून साहेबांकडे निघाले.

साहेबांना चकती दाखवली. ते म्हणाले, ‘‘छान. रिपोर्ट टाका.’’

‘‘तिला परत बोलवायचं का, सर?’’

‘‘जागा भरली ना आता.’’

संध्याकाळी मी तिला फोन लावला. भाताच्या आवणीवरून, दिवसभर रोपं लावून नुकतीच घरी आली होती. चकतीचं सगळं सांगितलं.

‘‘बरं झालं, ताई. मशीन नीट झालं.’’

‘‘तुझी चूक नव्हती गं.’’

‘‘ते मला ठावं हुतं. पण त्या दिशी समदे ऐकत हुते. आज कुणी ऐकलं का?’’

‘‘दुसरीकडं अर्ज कर, मी बघते कुठं काही आहे का,’’ असं काहीबाही बोलले. ‘‘न्हाई ताई, आता लई झालं,’’ ती म्हणाली, आणि रेंज गेली.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी सगळ्यांना चकतीची हकिगत सांगितली, तिचं नाव घेऊन सांगितली. एकजण ‘‘अरेरे’’ म्हणाला. दुसऱ्याने लोणच्याची बरणी पुढे ओढली. नवा मुलगा मला विचारत होता, ‘‘कोण हो त्या, मॅडम?’’