कंबरेचे पेशंट

पंच्याण्णव साली मी शाहूपुरीतल्या एका दवाखान्यात काउंटरवर लागले. डॉक्टर नवरा-बायकोच्या 'तसल्या' तक्रारींचे. आता दुपारी जरा पडलं, की डोळ्यांवर झापड येते आणि तिथले किस्से एकेक करून उशाशी येऊन बसतात. हाकलावे तर तेवढीच करमणूक!

केसपेपरवर तक्रार मी लिहायचे. बाईमाणसाला खरं कोण सांगणार? प्रत्येक बाप्या खाली बघून म्हणायचा, "कंबर." मी 'कंबर' लिहायचे. डॉक्टर काय ते समजायचे.

एकदा आजऱ्याचे पावणं आले. मी लिहिलं, 'कंबर'. डॉक्टरांनी अर्धा तास समजावलं, की बायकोशी गोड बोला, तिचा हात हातात घ्या, घाई करू नका. आठवड्यानं पावणं काजूची पिशवी घेऊन हजर! म्हणाले, "कंबर हाय तशीच हाय की! पोतं उचलताना भरलीया. पर हे काजू बायकोनं दिल्यात."

कागलच्या एका नव्या जोडप्याचं घर दोन खोल्यांचं, माणसं आठ. डॉक्टरांनी लिहून दिलं, 'रोज संध्याकाळी दोघांनीच लांब फिरायला जाणे.' महिन्याभरात सून खुलली. मग सासूबाई एकट्याच आल्या आणि पदर सावरत हळूच म्हणाल्या, "आमच्या ह्यांनाबी तेच लिवून द्या."

मी पोट धरून हसले. पण घरी माझीच तऱ्हा वेगळी होती. गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं, तेव्हा 'तुला त्रास नको' म्हणून ह्यांनी अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं, ते दोन वर्षं तिथंच. मी विचारलं नाही, ते बोलले नाहीत. गजरा माळायचं मी सोडून दिलं. वाटायचं, आता आपण भाकरी थापण्यापुरत्याच. फार लागायचं मनाला.

एका संध्याकाळी खाली मान घालूनच मी पुढच्या पेशंटला नाव विचारलं.

"तुला ठावं हाय की."

वर बघितलं, तर आमचे हे! इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. मागं चार माणसं नंबरला बसलेली.

"तक्रार?" मी कोरा केसपेपर पुढ्यात ओढला.

ते टेबलाकडं बघत म्हणाले, "कंबर."

त्याच सकाळी त्यांनी भरलेला गॅस सिलेंडर खांद्यावर घालून दोन जिने चढवला होता.

मी पेन उचललं आणि सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, 'कंबर'.