फेरीमामांची घळ

फेरीमामा पुढे चालत आणि मागे वळून कधी पाहत नसत. तरी सगळ्यांत शेवटच्या माणसाच्या चपलेचा अंगठा तुटला की पुढूनच विचारत, "कोण लंगडून राहिलं?" वनखात्यातून मजूर म्हणून निवृत्त झालेले मामा आम्हा हिंगोलीच्या कार्यालयातल्या मंडळींना दर हिवाळ्यात एक फेरी घडवत. हळदीच्या शेतातून सागाच्या रानात, तिथून इंग्रजी छावणीच्या काळातल्या पडक्या चर्चपाशी, मग घळीत उतरून ओढ्याकाठाने पुन्हा त्याच शेतात. नावं, डबे, पाणी यांच्या याद्या माझ्याकडे असत.

चर्चला छप्पर नाही, आत साग उगवलेला. मामा तिथे चप्पल काढत. कुणी हसलं तर म्हणत, "देव कुणाचाबी असो, चप्पल काढायला काय तकलीफ हाय?"

घळीत उतरायची वाट चर्चमागून होती आणि ती फक्त त्यांनाच ठाऊक होती. दिवाळीनंतर ते एकटे जाऊन कोयत्याने तिथली घाणेरीची झुडपं तोडत. झाडांवर रंगाच्या खुणा करू म्हटलं, तर नको म्हणाले. "रंग दिसला की लोकं पायाखाली पाहत न्हाईत. खाली कडा हाय."

तीन हिवाळे ते मला सांगत होते, "ताई, एकडाव तुमी म्होरं चाला." मी म्हणे, "तुम्ही सांगा, मी लिहून घेते."

"वहीला पाय असते तर तिलाच शिकवलं असतं की."

एवढा आग्रह का, ते यंदा त्यांच्या सुनेकडून कळलं. काचबिंदू. मामा केव्हापासून कानांवर आणि पायांवरच चालत होते. आता घराबाहेर पडणंही थांबलं होतं.

सहलीआधी मी एका सहकाऱ्याला घेऊन वाट पाहायला गेले. चर्चपर्यंत सगळं जुळलं. पुढे वहीत लिहिलं होतं, 'वाकडा धावडा, डावीकडे.' छातीएवढ्या घाणेरीत धावड्याची वाकडी झाडं तीन होती. तासाभराने हात खरचटून घेऊन परतलो.

तशीच मामांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसले होते. "कोणता धावडा, मामा?"

ते बसल्या जागी तळपाय हलवत राहिले, एक पुढे, एक तिरका. मग थांबले. "इथून न्हाई सांगता येत."

"गाडीनं नेते तुम्हाला."

"सून सोडंल व्हय? परवा न्हाणीतच पडलो." मग म्हणाले, "लोकाला नेऊ नका आता. कुणाचं तरी लेकरू पडंल."

संध्याकाळी मी अकरा जणांना फोन करून सहल रद्द झाल्याचं सांगितलं. का, ते कुणी विचारलं नाही. मग धरणावर जाऊ, एवढंच ठरलं.