शिलाईतली माया

"सगळे गुण आजच संपवू नका, शिलाईत थोडी माया राहू द्या," मास्तर एकदा खेळताना म्हणाले होते.

मास्तर शिंपी. पुढे कपडा सैल करता यावा म्हणून शिवणीत दुमडून ठेवलेलं कापड, ती माया. सुट्टीच्या दुपारी त्यांच्या कापायच्या टेबलावर फाशांचा खेळ चाले. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, मिळालेले गुण ताकद, चपळाई, हिंमत आणि बोलणं यांत वाटायचे, अन् मास्तर रचतील त्या संकटांतून पार पडायचं. गुण खडूने टेबलावरच लिहायचे.

आज मास्तरांच्या भावोजींनी सगळे गुण ताकदीत ओतले होते. त्यांचा राक्षस पहिल्याच पुलावर अडला. पहारेकऱ्याला 'बाजूला हो' म्हणण्यापुरतंही बोलणं त्याच्यापाशी नव्हतं. बोलण्यात शून्य असेल तर खेळणाऱ्यानेही गप्प बसायचं, हा मास्तरांचा नियम.

"लग्न झाल्यापासून एवढी शांतता आजच," त्यांची बायको, मास्तरांची ताई, म्हणाली.

काजबाई हसली. दुकानात ती काज-बटणं करायची. आज तिची पिशवी भरून दाराशी होती. संध्याकाळच्या गाडीने ती भावाच्या गावी कायमची निघाली होती. "अडवणारं कोण आहे मला इथे?" ती सकाळी सहज म्हणाली, आणि मास्तर ओवलेल्या सुईतच पुन्हा दोरा ओवत बसले. तिने जाऊ नये असं त्यांना किती वाटतं, ते शिलाई मशीनलाही ठाऊक होतं. पण मुकेपणा हा त्यांचा जुना, अंगाला बसलेला सदरा.

"आज तूही पात्र घे रे," ताई म्हणाली.

मास्तरांनी खडू घेतला. ताकद थोडी, चपळाई थोडी. उरलेले सगळे गुण माया म्हणून बाजूला. हिंमत शून्य, बोलणं शून्य.

काजबाई उठली. "येते मी, मास्तर. म्हणजे, म्हणायचं असतं म्हणून येते."

मास्तरांनी तोंड उघडलं. भावोजींनी खुशीत ओठांवर बोट ठेवून नियमाची आठवण करून दिली.

"अरे, उसव ती माया आता," ताई म्हणाली. "टाक सगळी बोलण्यात."

मास्तरांनी सगळी माया हिंमतीत टाकली.

"बोलण्यात रे, बोलण्यात." ताईने कपाळावर हात मारला.

मास्तरांनी काजबाईची पिशवी उचलली.

"अहो, ती माझी आहे," काजबाई म्हणाली; पण घ्यायला हात काही पुढे केला नाही.

दुकानाच्या डावीकडे गाडीचा थांबा, उजवीकडे मास्तरांचं घर. मास्तर पायरी उतरले आणि, एक शब्द न बोलता, उजवीकडे वळले.