सातव्या मिनिटातला ‘वा’

चष्मेवाल्यांना कोणी विचारलं असतं, की तुमच्या संसारात तिसरं कोणी आहे का, तर त्यांनी चटकन ‘आहे’ म्हटलं असतं. ते तिसरं माणूस एका कॅसेटमध्ये राहतं, हेही सांगून टाकलं असतं. पण असलं कोण विचारतंय? लोक विचारायचे ते एवढंच, की दांडी सैल झालीय, बसवून द्याल का.

कॅसेट बायकोची, लग्नाआधीची. एका व्हायोलिनवादकाची ती मैफल होती. हा गृहस्थ कुठल्याशा महाविद्यालयात शिकवायचा. त्याचं नाव ना आधी कोणी ऐकलं, ना नंतर. राग तर त्याहून अनवट. जाणकारांना विचारलं तर तेही “ऐकलाय बहुतेक” म्हणून विषय बदलायचे. सभागृहात साठ-सत्तर डोकी होती, आणि त्यांत वीस वर्षांची ती. पुढे त्या मैफलीच्या थोड्या कॅसेटी निघाल्या, त्यातली एक तिने मिळवली आणि सासरी येताना साड्यांच्या घडीत ठेवून आणली.

दर रविवारी सकाळी इस्त्री करताना ती कॅसेट लावायची. सातव्या मिनिटाला व्हायोलिन वरच्या एका सुरावर जाऊन टेकायचं आणि उतरता उतरता मध्येच थबकायचं. नेमकं तिथे श्रोत्यांमधून एक पुरुष ‘वा’ म्हणायचा. मोठ्याने नाही, स्वतःशीच म्हणावं तसा. आणि तेवढ्यापुरती तिच्या हातातली इस्त्री उभी राहायची.

सुरुवातीची काही वर्षं चष्मेवाल्यांच्या हे लक्षातही आलं नव्हतं. काडी टाकली ती मेव्हणीने. एका रविवारी ती आली असताना कॅसेट चालू होती. ‘वा’ आला, इस्त्री थांबली, आणि मेव्हणीने डोळे मिचकावले.

“भावोजी, ताई त्या कार्यक्रमाला कोणाबरोबर गेली होती, विचारलंत का कधी?”

“कोणाबरोबर?”

“अहो, मला काय माहीत! गंमत केली. तोंड बघा कसं झालंय, लिंबू पिळल्यासारखं.”

तिची गंमत झाली, पण इकडे मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्या एका अक्षरावरून चष्मेवाल्यांनी अख्खा माणूस उभा केला. वय तिशीच्या आतबाहेर. दात चांगले. उंच तर नक्कीच असणार, कारण ते स्वतः उंच नव्हते. डोळे अधू नसणार, म्हणजे कधी दुकानाची पायरीही चढायचा नाही. बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. नुसत्या ‘हॅलो’वरून माणूस ओळखायची. तिला तो आवाज कोणाचा हे ठाऊक नसेल, असं होणंच शक्य नव्हतं.

सरळ विचारता आलं असतं. पण ‘हो, होता एक’ असं उत्तर आलं तर पुढे काय बोलायचं, हे त्यांना एकतीस वर्षांत सुचलं नाही. म्हणून ते रविवारी सकाळी पेपर तोंडासमोर धरून बसायचे. सहा मिनिटं झाली की एक ओळ पुन्हा पुन्हा वाचायचे.

बायको निवृत्त झाली त्या वर्षी कॅसेट घरघरायला लागली. तिने ती रुमालात गुंडाळून त्यांच्या हातात दिली. “तुमच्या दुकानासमोरच्या त्या कानसेनला द्या ना. पेनड्राइव्हवर घेऊन देईल. आणि हे बघा, जपून. दुसरी मिळायची नाही.”

कानसेन म्हणजे रस्त्यापलीकडच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीचा मालक. बाजारात सगळे त्याला त्याच नावाने हाक मारायचे. त्याने कॅसेट लावली, खरखर कमी केली, आणि सातव्या मिनिटाला मान डोलावली. “वा! कोण आहे हो हा? बरोबर जागेवर दाद दिलीय पठ्ठ्याने.”

चष्मेवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. “हे निघेल?”

“काय?”

“हा माणूस.”

“काका, मैफलीतली दाद कोणी काढतं का? शिवाय तो सुरावरच बसलाय. त्याला उपटला तर सुराचाही टवका उडेल.”

“उडू दे.”

“बघा हं. मागाहून म्हणाल—”

“काही म्हणत नाही. काढ त्याला.”

दोन दिवसांनी पेनड्राइव्ह मिळाला. जुनी कॅसेट त्यांनी दुकानात, भिंगांच्या डब्यांमागे सारली आणि घरी सांगितलं की फीत तुटली, कानसेनने फेकून दिली. आयुष्यात पहिल्यांदाच ते रविवारची वाट बघत होते.

रविवार आला. बायकोने उशांचे अभ्रे घेतले. पाच मिनिटं, सहा. व्हायोलिन वर गेलं, टेकलं, थबकलं. तिथे काहीच नव्हतं. इस्त्री थांबली, ती थांबलीच. अभ्र्याला करपल्याचा वास येऊ लागला तेव्हा तिने ती उचलून बाजूला उभी केली.

“तो कुठे गेला?”

“कोण?”

“तो ‘वा’.”

“साफ करताना गेला असेल. खरखर, खुर्च्या, खोकले, सगळंच काढतात ते.”

“खोकला आहे की. चौथ्या मिनिटाला दोनदा खोकला. खुर्चीही करकरली.” ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. “सगळे जागच्या जागी आणि हाच तेवढा गेला?”

पेपर खाली ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. “मीच काढायला सांगितला,” ते म्हणाले, आणि एकतीस वर्षं अडकलेलं एकदाचं बाहेर पडलं. “कोण होता तो?”

“मला काय माहीत!”

“तुला माहीत नाही? ‘हॅलो’वरून माणूस ओळखणारी तू!”

“मागच्या रांगेत कोणीतरी होता. मी वळूनही पाहिलं नाही.” ती खुर्चीवर बसली. “अहो, ती जागा आली ना, तेव्हा मला आत काहीतरी झालं. मला वाटलं, मला एकटीलाच. आणि तेवढ्यात मागून ‘वा’ आला. त्यालाही तिथेच झालं होतं. बस, एवढंच. पुढे एक्स्चेंजमध्ये इतकी वर्षं हजारो आवाज ऐकले. कधी वाटायचं, लागेल एखाद्या दिवशी कानाला. नाही लागला.”

तिने डोळे पुसले नाहीत की आवाज चढवला नाही. त्यामुळे ते जास्तच लागलं. नाव-गाव असलेला माणूस असता, तर भांडता आलं असतं, त्याला दोन शिव्या घालता आल्या असत्या. इथे मधे कोणी नव्हतंच. आपण हिच्याशेजारी दीड हजार रविवार बसलो आणि सातव्या मिनिटाला आपल्याला कधी काही झालं नाही, एवढंच होतं. त्याला एकदाच झालं, आणि तो जिंकला.

“कॅसेट तुटलेली नाही,” ते म्हणाले आणि चप्पल घालून निघाले.

दुकान उघडून, डब्यांमागून कॅसेट काढून परत आले, तोवर तिने दुसरा चहा टाकला होता. तिने कॅसेट लावली. या वेळी पेपर नव्हता. ते कान देऊन बसले, घशात ‘वा’ तयार ठेवून. जागा आली, मागच्या रांगेतला माणूस म्हणाला, आणि त्याच्यामागून चष्मेवालेही म्हणाले.

“उशीर झाला,” बायको म्हणाली. “आणि खोटं होतं. नका म्हणू. नुसते बसा.”

ते नुसते बसले. आता दर रविवारी तसेच बसतात. अजून तिथे त्यांना काही होत नाही.

मत्सर मात्र गेला नाही. फक्त पत्ता बदलून दुकानात राहायला आला. डोळे तपासताना योग्य भिंग बसलं, की तक्त्यावरची खालची ओळ उजळते आणि पुष्कळ गिऱ्हाइकं आपसूक ‘वा’ म्हणतात. इतकी वर्षं चष्मेवाल्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं. आता खुर्चीवर सत्तरीचा कोणी पुरुष बसला, की ते भिंग बसवण्याआधीच कान टवकारतात. परवा असाच एक उंच गृहस्थ आला. दात स्वतःचे. भिंग बदललं, आणि तो हळूच, स्वतःशी म्हणावं तसा म्हणाला, “वा!”

चष्मेवाले दिवा बंद करायचेच विसरले. “तुम्हाला... व्हायोलिन आवडतं का हो?”

“छे बुवा,” गृहस्थ म्हणाला. “डोकं उठतं माझं.”

त्यांनी त्याला भिंगं पुसायचं फडकं दिलं. मग डबीही बदलून चांगल्यातली दिली, आणि दारापर्यंत सोडायला गेले.