साखरपुड्याचा फोल्डर लाल झाला

भूतखेत, करणी यातलं मी काहीच मानत नाही. अमावस्येलाही निवांत शूटिंगला जाणारा माणूस आहे मी... तरी हे सांगतोय. हसलात तरी चालेल, माझी बायकोही हसते.

दारव्ह्यात बसस्टँडजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. कॉम्प्युटरवर प्रत्येक लग्नाचा वेगळा फोल्डर करतो आणि त्याला रंग देतो — काम सुरू असेल तर पिवळा, अल्बम दिला की हिरवा, लग्न मोडलं तर लाल. ही भानगड फक्त मलाच माहीत.

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी प्रणाली आली. यवतमाळला नर्स आहे. साखरपुड्याचे फोटो निवडायचे होते. पाहतो तर फोल्डर लाल! चुकून झालं असेल म्हणून पिवळा केला. तिच्यादेखत परत लाल. माउसला माझा हातही नव्हता...

"दादा, हे लाल म्हंजे काय जी?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "लग्न मोडलं की लाल करतो."

पोरगी पांढरीफटक पडली. "तुमाले कोणं सांगतलं? मी तं अजून घरी बी नाही बोलली!"

मग रडतच म्हणाली, मुलगा नोकरी सोड म्हणून मागे लागलाय, काल फोनवर शिव्याही दिल्या. डोळे पुसून उठली. "आता बाबाले सांगाच लागते."

संध्याकाळी तिचे वडील, नामदेवकाका, दुकानात हजर. "काहून रे, तुह्या डबड्यानं माह्या पोरीचं लगन मोडलं?"

मी त्यांच्यासमोर फोल्डर पिवळा केला. झाला लाल. काका उठले, बाहेर जाऊन चपला काढून आले आणि हात जोडून बसले. मग हळूच म्हणाले, "पोरीचं दुख या डबड्याले समजलं. मले नाही समजलं..."

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडून सगळं तपासून घेतलं. तो म्हणाला, "भाऊ, व्हायरस फाईली खाते. सोयरिकी नाही मोडत."

पुढे प्रणालीला दिग्रसचं स्थळ आलं. तिच्या नोकरीचं त्या मुलाला कौतुकच. पाहुण्यांना होकार कळवायच्या आधी काका माझ्याकडे. "नवा फोल्डर बनव. पिवळा कर."

केला. चहा पीत आम्ही दोघं दुपारभर त्याच्याकडे टक लावून बसलो. पिवळाच राहिला. लग्न झालं, दोघं मजेत आहेत.

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. पण आता सोयरीक जमली की लोक स्टुडिओत येतात अन् दारातूनच सांगतात —

"फोटो नाही काढाचा, भाऊ. नुसता रंग पाहाचा हाय."